भोंग्याची रेघ

खाणीच्या दवाखान्यात मी श्वास मोजते. कामगाराने नळीत जोर लावून फुंकायचं, फिरत्या कागदावर पेन रेघ काढतं. छाती ठणठणीत असेल तर रेघ सरळ डोंगर चढते. यंत्र जुनं आहे, पण खोटं बोलत नाही. तो मान व्यवस्थापकांचा.

माझा नवरा ड्रिल चालवायचा. आवाज असा खणखणीत, की सगळे त्याला भोंगा म्हणायचे. धूळ उडू नये म्हणून ड्रिलला पाण्याची नळी असते. पण पाण्याने काम मंदावतं, म्हणून व्यवस्थापकांच्या हुकमाने चाक फिरवून नळीचा कॉक बंद. तपासणीचे साहेब आले की उघडायचा, ते वर गेले की पुन्हा बंद. भोंगा पांढऱ्या भुवया घेऊन घरी यायचा. शेवटी शेवटी त्याची रेघ मधेच मोडायला लागली: दोन आखूड खोकले, एक लांब. "माणसं आहेत, वर ओढा" म्हणून खाली घंटा वाजवतात, ती अशीच. तो त्यावरही हसायचा. मग गेला. व्यवस्थापक म्हणाले, विडीने गेला. विडीला त्याने कधी हातही लावला नव्हता. माझं अजून डोकं फिरतं.

गेल्या महिन्यापासून धाकटे भाऊजीही खोकतायत. "सर्दी आहे हो वहिनी," म्हणतात. तेही तिथेच ड्रिल चालवतात. पाणी सुरू झालं नाही, तर तेही जाणार होते.

त्या दिवशी तपासणीचे साहेब दवाखान्यात आले. व्यवस्थापक ऐटीत यंत्रासमोर बसले.

"मीही खाली जातोच की. बाई, घ्या माझा श्वास. साहेबांना कळू दे आमची हवा."

त्यांनी फुंकलं. चेहरा टवटवीत, छाती फुगलेली. रेघ मधेच मोडली. दोन आखूड, एक लांब.

मी कागद साहेबांपुढे धरला.

"यंत्र बिघडलंय," व्यवस्थापक म्हणाले.

साहेबांनी स्वतः फुंकून पाहिलं. सरळ डोंगर.

"ठीक आहे की. तुम्ही पुन्हा फुंका."

मी नवी तोंडनळी लावली. पुन्हा तीच रेघ. नळीतून पांढरी धूळ टेबलावर सांडली.

व्यवस्थापक खोकले. खिडकीच्या काचा थरथरल्या. तो आवाज त्यांचा नव्हता.

"कॉक उघडा," त्या खणखणीत आवाजात ते म्हणाले. "आणि चाकच काढून टाका. कोणाला बंद करता येऊ नये."

साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला.

संध्याकाळी पाळी सुटली. माणसं चिखलाने माखून वर आली, पण पांढरी भुवई एकाचीही नव्हती. भाऊजींनी कॉकचं लोखंडी चाक डोक्यावर नाचवत आणलं.

"वहिनी, जिंकलो!"

भर रस्त्यात मी रडले, हसले, कोणाकोणाला मिठ्या मारल्या. व्यवस्थापकांची छाती पुढे शहरात तपासली. अगदी स्वच्छ निघाली.

चाक घेऊन मी दवाखाना बंद करायला परतले. यंत्राचं बटण बंदच होतं.

कागद फिरायला लागला.

पेन चढत गेलं, चढत गेलं, एकदाही न अडखळता, थेट कागदाच्या टोकापर्यंत.

मी टेबलावरची धूळ पुसली आणि तोंडनळी काढून घेतली. ती कोमट होती.