ओलं गोणपाट

एप्रिल अर्धा सरला होता आणि अग्निशमन सप्ताहातलं हे पाचवं गाव होतं. गाडीत चढण्याआधी सुलक्षणाबाईंनी रोजच्यासारखं सामान पाहून घेतलं. शेगडी, अर्धी भरलेली गॅसची टाकी, बादली, शाईचं पॅड, हजेरीचं जाडजूड रजिस्टर आणि सीटखाली घडी घालून ठेवलेलं तागाचं जुनं गोणपाट. गोणपाट त्यांनी दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. कोरडं ठणठणीत होतं. मग त्या पुढे, गाडी चालवणाऱ्या रोहिदासच्या शेजारी बसल्या आणि गाडी हिर्डोशीच्या रस्त्याला लागली.

सुलक्षणाबाई आगीच्या गाडीवरच्या नव्हेत. अग्निशमन केंद्रातले जवान गावोगाव जाऊन आग लागली तर काय करायचं ते शिकवायचे, पण पुरुषमाणूस बोलायला उभा राहिला की बायका भिंतीआड. आणि चूल, गॅस सगळं त्यांच्याच हातात. म्हणून आठ वर्षांपूर्वी केंद्राने बाईंना बोलावून घेतलं. शिक्षण दहावीपर्यंतचं, पण बोलणं घरातलं. बायका ऐकायच्या.

आता मात्र त्या थकल्या होत्या. गुडघे दुखत, रात्री झोप लागत नसे. काम सोडत असल्याचा अर्ज त्यांच्या पिशवीत होता. उद्या वेल्ह्याचा कार्यक्रम शेफाली नावाची नवी मुलगी करणार होती, आणि आज परतल्यावर रजिस्टर तिच्या हवाली करायचं होतं. तेवढं झालं की सुटलो, असं त्या सकाळपासून मनाशी म्हणत होत्या.

फक्त आजचं गाव मधे होतं. तीन वर्षं त्यांनी ते चुकवलं होतं. कधी अंग दुखतंय म्हणून, कधी रस्ता खराब आहे म्हणून.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला ती वस्ती. पंधरा-सोळा घरं. तीन वर्षांपूर्वी तिथे प्रात्यक्षिक झालं तेव्हा पुढे कोण येतं म्हणून विचारलं, आणि रत्ना नावाची एक तरुण सून पदर खोचून बेधडक पुढे आली. भिजवलेलं गोणपाट पेटत्या टाकीवर टाकून तिने जाळ एका दमात विझवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. जाताना तिने रजिस्टरमध्ये वळणदार अक्षरात सही केली. तेव्हा सुलक्षणाबाई सगळ्यांना सांगून आल्या होत्या, की घाबरायचं नाही, घरात असेल ते पोतं भिजवा आणि टाका.

घरात असेल ते. एवढंच चुकलं होतं.

पुढे दोनच महिन्यांत रत्नाच्या घरात गॅसची नळी पेटली. ती पळाली नाही. शिकवल्याप्रमाणे तिने कोपऱ्यातलं पोतं ओढलं, हंड्यात बुचकळलं आणि टाकीवर टाकलं. पण हल्ली घरात तागाचं पोतं असतं कुठे? ते युरियाचं होतं, प्लॅस्टिकचं. ते विरघळलं, भडकलं आणि तिच्या दोन्ही हातांना चिकटलं. पुण्याच्या दवाखान्यात नऊ दिवस काढले तिने, मग गेली. कागदावर 'नळी गळत होती' असं आलं. पोत्याचं कोणी विचारलं नाही. सुलक्षणाबाईंनी मात्र केंद्रात फोटो पाहिला होता. टाकीवर थिजलेला पांढरा गोळा, आणि त्यावर खताच्या कंपनीची अर्धी-मुर्धी अक्षरं.

त्या दिवसापासून प्रत्येक गावात त्या न चुकता सांगत, प्लॅस्टिकचं पोतं चालणार नाही, तागाचंच गोणपाट हवं. का, ते मात्र त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

एकदा कामथडीला घाईत ते वाक्य राहून गेलं. समारोपाला आल्या, तेवढ्यात बायकांच्या मागून कोणीतरी खोकलं. कोरडं, घशात धूर अडकल्यासारखं. पाठोपाठ जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. बाईंनी ते वाक्य म्हटलं आणि वास गेला. भोंगवलीलाही तसंच झालं. नंतर त्या कधी विसरल्या नाहीत.

धरणाचं पाणी पार तळाला गेलं होतं. वरच्या उतारांवर लोक राब भाजत होते, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, शेण पसरून जमीन जाळत होते. धुराचे पट्टे डोंगराला जागोजाग टेकले होते.

"आज लई गप गप," रोहिदास म्हणाला. "शेवटचा दीस म्हणून व्हय?"

"दमलेय रे," त्या म्हणाल्या.

वस्तीवर पोचेतो ऊन कलंडलं होतं. हिरड्याच्या झाडापुढच्या अंगणात बायका जमल्या. एकीने आल्या आल्याच टोमणा मारला, "भरल्याली टाकी दावा आदी, मंग इझवायचं शिकवा. आमच्या टाक्या तर रिकाम्याच हायेत." सगळ्या हसल्या. रोहिदासही हसला. बाईंनी हसल्यासारखं केलं.

पुढच्या ओळीत, जमिनीवर पाय पसरून, एक म्हातारी बसली होती. बाळाबाई, रत्नाची सासू. ती हसली नव्हती.

रोहिदासने टाकीचं तोंड पेटवलं. फर्रकन जाळ उठला. बाईंनी बादलीत पाणी ओतून घेतलं आणि गोणपाट घ्यायला गाडीपाशी गेल्या. सीटखाली हात घातला आणि तसाच मागे ओढला.

गोणपाट ओलं होतं. नुसतं दमट नव्हे, पाण्यातून आत्ता काढल्यासारखं. घडीच्या कडेवरून थेंब ओघळत होते आणि गाडीचा पत्रा खाली चिंब झाला होता.

त्या गोणपाट घेऊन परत आल्या. रोजचे शब्द सुरू केले. पुढे कोण येतं म्हणून विचारलं. कोणी उठलं नाही. जाळ तेवढा फरफरत होता.

आणि मग तो वास आला.

बाईंनी मान वर केली. बायकांच्या पाठीमागे, हिरड्याच्या सावलीत, एक जण उभी होती. डोईवरचा पदर पार तोंडापर्यंत ओढलेला. दोन्ही हातही पदराखाली... थंडीत धरावेत तसे छातीशी धरलेले. इतक्या उकाड्यात.

ती खोकली.

"प्लॅस्टिकचं पोतं चालत नाही," बाई घाईने म्हणाल्या. "तागाचंच लागतं."

वास गेला नाही. ती तशीच उभी राहिली. आणखी काहीतरी ऐकायचं असल्यासारखी.

 गोणपाटाचं पाणी त्यांच्या पातळावर ठिबकत होतं. तीन वर्षांचं ओझं त्या एका क्षणी त्यांना पेलवेना. त्या बाळाबाईसमोर खालीच बसल्या.

"मावशी, मी त्या वेळी ते सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "घरात असेल ते पोतं टाका, असं म्हणाले मी. तुमच्या रत्नाने माझंच ऐकलं... चूक माझी होती."

 रोहिदासने गुपचूप टाकी बंद केली. जाळ विझला, आणि दूरवरच्या राबाची तडतड ऐकू येऊ लागली.

बाळाबाईने पसरलेले पाय जवळ घेतले.

"ठावं हाय आमाला," ती म्हणाली. "पोरगी शुद्धीवर व्हती शेवटपत्तुर. लई तळमळायची. सारकं येकच. त्या बाईस्नी कुनीतरी सांगा, म्हनायची... ते पोतं चालत न्हाई. दुसऱ्या गावाला सांगत्याल त्या, आनि दुसरी कुनी माज्यावानी..." म्हातारीने पदराने नाक पुसलं. "आमी काय सांगनार? कुठं शोदायचं तुमाला? मंग ती म्हनली, न्हाई कुनी गेलं तर म्या जाईन."

बाईंनी झाडाकडे पाहिलं. सावलीत कोणी नव्हतं.

पुढचं सगळं शांतपणे पार पडलं. बाळाबाईने स्वतः उठून गोणपाट कसं टाकायचं ते करून पाहिलं, तेव्हा दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी सह्या केल्या, म्हाताऱ्यांनी नावापुढे अंगठे उठवले. चहा झाला. निघताना बाळाबाईने बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. किती तरी दिवसांनी बाईंना पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. झालं. तिला ऐकायचं होतं ते तिने ऐकलं. आता ती सुटली, आपणही सुटलो.

परतताना दिवेलागणीची वेळ झाली. शेफालीकडे द्यायचं म्हणून बाईंनी रजिस्टर मांडीवर घेऊन गाडीतल्या दिव्यात आजची हजेरी तपासली. सगळ्यांत खाली एक अंगठा जास्तीचा होता. त्याच्यापुढे नाव नव्हतं.

त्यांनी तो जवळ धरून पाहिला. अंगठ्याच्या ठशाला रेषा असतात. याला एकही नव्हती. नुसता गुळगुळीत काळा डाग, जळून सपाट झालेल्या कातडीचा.

त्या पानं मागे उलटत गेल्या. कालचं गाव. तळाशी तोच डाग, अंगठ्यांच्या गर्दीत आजवर न दिसलेला. परवाचं, मागच्या महिन्यातलं, भोंगवली, कामथडी. रत्ना गेल्यापासून एकही पान सुटलं नव्हतं. तिची वळणदार सही असलेल्या पानानंतर दोन महिन्यांची पानं तेवढी स्वच्छ; पुढे प्रत्येक पानाच्या शेवटच्या ओळीत तो होताच.

बाईंनी रजिस्टर मिटलं.  मग कोण जाणे काय वाटलं, त्यांनी पुढची, अजून न लिहिलेली पानं उघडली.

उद्याच्या पानावर वेल्ह्याचं नाव त्यांनी सकाळीच घालून ठेवलं होतं. बाकी पान कोरं होतं. फक्त तळाशी...

त्यांनी पान उलटलं. पुढचं. त्याच्या पुढचं. गाव नाही, तारीख नाही, एक नाव नाही. खाली तेवढा डाग. अगदी पुठ्ठ्यापर्यंत.

"काय झालं बाई?" रोहिदासने विचारलं. "काय ऱ्हायलं का?"

त्यांनी पिशवीतला अर्ज काढला, त्याची चौघडी केली आणि मुठीत धरून ठेवली.

"उद्या वेल्ह्याला किती वाजता निघायचंय?"

"तुमी येनार? आन ती पोरगी?"

"तिला अजून सगळं सांगता येणार नाही."

त्याने गिअर बदलला. गाडी घाटाखालच्या वळणाला लागली. गोणपाट वस्तीवर बाळाबाईकडे ठेवून आलो, हे बाईंना चांगलं आठवत होतं. तरी सीटखालून पाण्याची एक बारीक धार पत्र्यावरून सरकत आली आणि त्यांच्या चपलेपाशी येऊन थांबली.