हात घालायची जागा

डोंगर ताईने एकटीने बांधला होता, आणि ही गोष्ट ती घरात कुणाला विसरू देत नव्हती.

तिचे काका दातांचे डॉक्टर. दवाखान्यामागच्या खोलीत त्यांची छोटी रेल्वे होती. तिला खेळणं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. एक जुनं दार आडवं टाकून त्यावर रूळ, स्टेशन, वाळक्या काड्यांची झाडं. उद्या गावातल्या छंदवाल्यांचं प्रदर्शन, आणि यंदा पहिल्यांदाच काकांनी डोंगर ताईवर सोपवला होता. तिने जाळी वाकवली, तिच्यावर खळ लावलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या थापल्या, वरून काकांचं दातांचे साचे घ्यायचं प्लॅस्टर. डोंगराच्या पोटातून वळणाचा रूळ, म्हणजे बोगदा. डोंगर तरी केवढा, कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढा.

काकांनी त्याला टिचकी मारली, मागे वाकून पाहिलं.

"झकास. आणि हात कुठून घालायचा?"

"कसला हात?"

"गाडी घसरते ती नेमकी बोगद्यात. म्हणून डोंगराला पाठीमागून भोक ठेवतात. तुम्ही तर सगळाच लिंपून टाकलात, बाईसाहेब."

"माझा रूळ लोण्यासारखा आहे. नाही घसरणार."

"बघू हं," काका म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. तिथे एक माणूस गाल धरून बसला होता.

खोलीत ताई आणि तिची धाकटी बहीण उरल्या. छोटी स्टुलावर पाय हलवत होती. कशालाही हात लावायचा नाही या अटीवर तिला आत घेतलेलं.

ताईने रोजचं साधं इंजिन लावलं, मागे सकाळीच रंगवलेला निळा डबा. रंग अजून बोटाला चिकटत होता. कळ फिरवली. गाडी बोगद्यात शिरली.

आणि बाहेर येईना.

चाकांचा आवाज येत होता, पण बारीक. लांब कुठेतरी, माळापलीकडून जाणाऱ्या गाडीसारखा. ताई कळ बंद करणार तेवढ्यात गाडी दुसऱ्या तोंडातून बाहेर आली. डब्याचा रंग सुकला होता. नुसता सुकला नव्हता, विटला होता. कडांना धूळ बसलेली, एका खिडकीत कोळ्याचं जाळं.

प्लॅस्टर सुकताना गरम होतं, हे ताईला माहीत होतं. उष्णतेने रंग सुकला असेल. धूळ प्लॅस्टरचीच. जाळ्याचं काय करायचं, ते तिने मनात पुढे ढकललं.

दोन पेशंटांच्या मध्ये काका डोकावले आणि डबा उचलून उजेडात धरला. नवं मॉडेल जुनं, वापरातलं दिसावं म्हणून ही माणसं खडूची पूड चोळत जन्म काढतात.

"अगं, हे कशाने आणलंस? मला इतक्या वर्षांत जमलं नाही."

खरं सांगायचं अगदी ओठावर आलं होतं. पण काका असं कधी कुणाला म्हणाले नव्हते.

"सिक्रेट आहे," ती म्हणाली.

काकांनी कपाट उघडलं. कानशीने घासून घासून, कित्येक रविवार खर्चून केलेलं त्यांचं पितळेचं इंजिन त्यांनी आजवर कुणाच्या हाती दिलं नव्हतं. ते तिच्या तळहातावर ठेवलं.

"मग हिलाही जरा म्हातारी कर. फारच नवी नवरी दिसते. उद्या सगळ्यांत पुढे हीच. जपून हं, ताईसाहेब."

ते गेले. खडूची पूड टेबलावरच होती. ताईने तिच्याकडे पाहिलं आणि इंजिन रुळावर ठेवलं.

ते बोगद्यात शिरलं. आवाज लांब गेला. आणखी लांब. मग नाहीच.

ताईने कळ मागेपुढे फिरवली. ती बोगद्याच्या तोंडाशी वाकली, तर गालाला गार वारा लागला. ओल्या दगडाचा वास येत होता. तिने काकांचा दात बघायचा लांब दांड्याचा आरसा घेतला, तो आत सरकवून टॉर्च मारला.

तिने वळण टाकलं होतं. आरशातला रूळ सरळ जात होता. जात होता, जात होता, आणि उजेड संपला तरी संपला नव्हता.

तिने आरसा झटकन बाहेर ओढला. काकांना हाक मारावी? आणि सांगायचं काय, तुमचं इंजिन कुठे गेलं म्हणून? वाकडी तार मिळते का बघायला ती खणाकडे वळली.

"माझा हात मावतो, ताई."

छोटीचा उजवा हात खांद्यापर्यंत आत होता.

"काढ. आधी बाहेर काढ."

"थांब ना, सापडेल." मग तिचा आवाज बदलला. "ताई, निघत नाहीये."

ताईने तिला कमरेला धरून ओढलं. हात हलेना. छोटी रडायला लागली, मोठ्याने, मग हळू. मग तिचं रडणं थांबलं. गाल प्लॅस्टरला टेकवून ती गप्प उभी राहिली. स्टेशनवर बसून बसून गाडीची चौकशी करायचंही सोडून दिलेल्या माणसासारखी.

ताईने हातोडी उचलली.

एक घाव. दुसरा.

डोंगर फुटला.

आत जाळी होती. वर्तमानपत्र पिवळं पडून भुगा झालेलं. तिनेच टाकलेला वळणाचा रूळ. त्याच्यावर इंजिन आडवं पडलं होतं. पितळ हिरवं, चाकं गंजून एकजीव.

दुसरं काही नव्हतं.

काका तोंडावरचा मास्क ओढत धावत आले. त्यांनी इंजिन पाहिलं, पण उचललं नाही. छोटीला कडेवर घेतलं.

"दुखतंय का बाळा?"

तिने मान हलवली. ताईकडे पाहिलं. रागाने नाही.

"किती उशीर केलास गं," ती म्हणाली.

उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. घाबरलेल्या पोराला तोंड उघडायला लावतात तशा मायेने काकांनी एकेक बोट सोडवलं आणि मध्येच थांबले.

आईने सकाळीच तिची नखं कापली होती. डाव्या हाताची तशीच होती, गोल, गुलाबी.

उजव्या हाताची नखं वाढून, पिवळी होऊन, वळून तळव्यात रुतली होती.