त्र्याहत्तर किलो

दुपारी डबा खाऊन ती टेबलाशी आली, तर कीबोर्डवर सरांची चिठ्ठी. ‘निरीक्षण बाद. आरशाजवळ कुणीतरी उभं होतं.’ आणि ‘कुणीतरी’च्या पुढे कंसात तिचं नाव! तीन वर्षांच्या कामावर दोन ओळींत पाणी फिरवलं होतं.

काम मोठं नाजूक. जमिनीखाली शंभर मीटरवर, बोगद्याच्या टोकाला टांगलेला आरसा गुरुत्वीय लहरींनी अणूहूनही कमी हलायचा, आणि ते हलणं ती वाचायची. आता बाद झालेल्या निरीक्षणात एकमेकांभोवती फिरणारे दोन न्यूट्रॉन तारे ठरल्या वेळेआधीच आदळले होते. न दिसणारं, पण वजन असलेलं काहीतरी त्यांना आत ओढत होतं. कृष्णद्रव्य म्हणतात ते हेच, अशी तिची खात्री होती.

पण आरसा जवळ उभ्या माणसाच्या वजनानेही हलतो. त्या दिवशीच्या आलेखात तसा फुगवटा होता खरा, त्र्याहत्तर किलोंचा. ती अठ्ठावन्न किलोंची! एवढी वजाबाकी सरांना येऊ नये?

ती तरातरा त्यांच्या खोलीत गेली.

“सर, चोर सोडून संन्याशाला फाशी? फाटकाची नोंद बघा. त्या दिवशी बोगद्यात कुणी गेलंच नव्हतं.”

“मग काय भूत उभं होतं?”

“ते तुम्ही सांगा. नाव माझं लिहिलंत ना!”

त्याच तावात ती त्यांना लिफ्टने खाली घेऊन गेली. ऐंशी किलोंचे सर बोगद्यात शिरले. ती बोगद्याच्या तोंडाशीच पडद्यासमोर बसली.

रेष ऐंशीवर चढली. थांबली. मग एकशे त्रेपन्नवर गेली.

तिने फोन उचलला. “सर, सोबत कोण आहे?”

“कोण असणार? एकटाच आहे.”

ते परत आले तेव्हा रेष शून्यावर होती. “बघा, आत कुणी नाही,” सर म्हणाले.

“कसं नाही? त्र्याहत्तर उरायला हवे होते!”

दोघं लिफ्टमध्ये चढली, आणि जादा वजनाची घंटा वाजू लागली. येताना ती वाजली नव्हती.

सर चटकन बाहेर पडले. घंटा थांबली.

“चिठ्ठी मागे घेतो मी,” ते खाली बघत म्हणाले. “तुम्ही व्हा पुढे. मी जिन्याने येतो.”

“तोंडी नको, लेखी द्या!”

दार लागलं. या माणसाला शंभर मीटर चढायचं कबूल, पण दोन ओळी लिहायच्या नाहीत!

लिफ्ट निघाली. दारावरच्या पट्टीत वजनाचा आकडा उमटला: एकशे एकतीस.

सवयीने तिने त्यातून स्वतःचे अठ्ठावन्न वजा केले.