घेतला

काम साधंच होतं. धुकं चढायच्या आत चाळीस दगड जागच्या जागी लावायचे. हजारो वर्षांपूर्वी त्या डोंगरमाथ्यावर कुणीतरी शेती केली होती, रानातले दगड वेचून बांध घातले होते. खोदकामवाल्या बाईंनी त्यातला एक बांध उकलून दगडांवर खडूने आकडे घातले. आता तो होता तसा रचायचा होता.

मावशी वरून दगड द्यायची, तिची जाऊ खाली चरात उभी राहून घ्यायची. रीत एकच. खालची ‘घेतला’ म्हणेपर्यंत वरचीने हात सोडायचा नाही.

“दमानं दे गं. माझी कंबर काय भाड्याची आहे?” जाऊ म्हणाली.

मावशी हसली नाही. दोन वर्षांपूर्वी घरची विहीर बांधताना तिने शब्द ऐकायच्या आधीच हात सोडला होता. खाली तिची लेक होती.

धुकं आलंच. जाऊ चरातून बाहेर येऊन ताडपत्री आणायला उतारावरून खाली गेली. मावशीला दम कुठला? तिने बसल्या जागी पुढचा दगड उचलला, तोच चरातून दोन हात वर आले.

“आलीस पण?”

“घेतला.”

दगड जात राहिले. नुकत्या उकरलेल्या मातीचा वास दाटला. शेवटचा दगड पुढे केला, तेव्हा खालून आवाज आला, “सोड की, म्हातारे. घेतला.”

म्हातारे असं तिला एकटी लेकच म्हणायची.

मावशीची बोटं दगडावर आवळली. “त्या दिवशी... म्हणाली होतीस का गं? मलाच ऐकू आलं नाही... की म्हणालीच नव्हतीस?”

खालून गार बोटं तिच्या बोटांवरून फिरली.

“सांग ना... नाहीतर नाही सोडणार.”

“कुणाशी बोलतेस?” जाऊ उतारावरून ताडपत्री ओढत वर येत होती. त्याच क्षणी दगडाचा सगळा भार मावशीच्या हातात आला.

धुकं विरलं. बांध नीट रचलेला होता. चाळिसावा दगड मावशीच्या मांडीवर होता, पण बांधात त्याची जागा रिकामी नव्हती. तिथे दुसराच दगड बसला होता, बिनआकड्याचा, एक कोपरा उडालेला, शेवाळाने हिरवाकंच, ओलाचिंब.

“हा कुठला? काढते,” जाऊ वाकली.

मावशीने तो दगड ओळखला. त्या दिवशी हातातून सुटलेला तोच; लेकीला स्मशानात पोचवून आल्यावर तिने स्वतःच्या हाताने तो विहिरीत बुडवला होता.

तिने जावेचं मनगट धरलं.

“हात लावू नकोस. याला तिनं अजून ‘घेतला’ म्हटलेलं नाही.”