कालव्यातली शाल

धुकं इतकं दाट होतं, की दारात आलेला शिंपी दिसण्याआधी ऐकू आला.

"माझी ताई बुडाली हो! सकाळपासून शोधतोय."

गुप्तहेराने कोट चढवला. त्याचे मेहुणे, निवृत्त गणितशिक्षक, चहा अर्धा टाकून मागे निघाले.

शिंप्याच्या घरी त्याच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. "वन्सं मागच्या पाटात पाय सोडून बसल्या होत्या. अंगावर निळी शाल. वळून बघते तो नाहीत!"

"पायात चपला?"

"छे, अनवाणी."

दाराजवळच्या फळीवर चपलांचे दोन जोड होते. तिसऱ्याची जागा रिकामी.

"शाल मला कालव्यात मिळाली, पुलाखाली," शिंपी म्हणाला.

"ताईंचं कुणाशी वाकडं?"

"तिचं? कुणाशीच नाही. एक नावाडी तिला मागणी घालायला आला होता. मीच हाकलला. चाळिशीत कसलं लग्न?"

"कालव्यावर वेळ घालवू नका," बायको घाईने म्हणाली. "पाटावरच शोधा."

दोघे पाटावर गेले. पाट हातभर रुंद, पाणी जेमतेम गुडघ्याएवढं, पण ओढ होती.

"पाट काय, कालवा काय, पाणी ते पाणी," मेहुणे म्हणाले. "शाल गेली वाहत."

"भावोजी, एक पान टाका बघू."

पान झुलत झुलत फुलबागांकडे गेलं आणि वाफ्यांत विसावलं. दोघे उलट्या दिशेने चालत राहिले. पाट जिथून फुटत होता, तिथे कालवा धुक्यात पांढरा, रुंद पसरला होता. एक नाव स्वप्नातल्यासारखी सरकत गेली.

स्वयंपाकघरात परतल्यावर गुप्तहेर शांतपणे बोलू लागला.

"कालवा पाटाला पाणी देतो. पाट ते बागांना देतो, परत कधीच करत नाही. पाटातली शाल कालव्यात चढणार कशी? म्हणजे ताई पाटावर नव्हत्याच. त्या चपला घालून कालव्यावर गेल्या. पाटात होडी चालत नाही, कालव्यात चालते. शाल वाऱ्याने उडाली असेल. आणि वहिनी, त्या दूर जाईपर्यंत तुम्ही आम्हाला पाटावर गुंतवत होतात."

बायकोने पदर खाली घेतला. डोळे कोरडे होते.

"नावाड्याबरोबर गेल्या. सुखरूप आहेत."

शिंपी हळूच म्हणाला, "माझ्यावर चिडून गेली?"

"नाही हो. नावेत बसताना एवढंच म्हणाल्या, 'माझ्या भावाला पाण्यात उतरू देऊ नकोस गं. त्याला पोहता येत नाही.'"

शिंपी ओक्साबोक्शी रडू लागला.