गणित सोडून बाकी सगळं

“तूच सांगितलंस ना त्यांना?”

थोरलीनं हातातला पाना बाकावर आदळला आणि दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या धाकटीकडे पाहिलं... बिचारीच्या पायातली चप्पलसुद्धा अजून निघाली नव्हती!

रविवारची दुपार होती. घराला लागूनच थोरलीचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान. दारं काढलेले फ्रीज भिंतीला पाठ लावून उभे होते, खिळ्याला तांब्याच्या नळ्यांची वेटोळी लटकत होती आणि मधल्या फरशीवर थोरलीचा नवरा एका मोटरीची तार सोलत बसला होता. तो वायरमन, ठिणगी कुठे उडणार ते त्याला आधीच कळायचं. त्यानं मान आणखी खाली घातली.

“ताई, मी तेच सांगायला...”

“आता काय सांगतेस? कॉलेजातल्या साहेबांनीच सांगितलं काल. सगळे विषय मान्य केले, फक्त गणित नाही. आणि का नाही, तर आमच्या बहीणबाईंनी तसं सुचवलं म्हणून!”

तंत्रनिकेतनात पदविका करत असतानाच थोरली एकेकाळी पदवीची स्वप्नं पाहत होती. पण त्याच सुमाराला आई गेली, वडील खचले आणि शाळेत जाणारी धाकटी तिच्या पदराला चिकटली. थोरलीनं पदविका कशीबशी पुरी केली, स्वप्नं गुंडाळून ठेवली आणि दुकान उघडलं. अख्ख्या बाजाराची ती ‘फ्रीजवाल्या ताई’ झाली. धाकटी शिकत गेली, शिकत गेली आणि गणिताची प्राध्यापिका झाली... त्या दिवशी थोरलीचं अंतःकरण कसं भरून आलं होतं!

पण तिच्या मनात एक किडा कायम वळवळत राहिला. गॅस नळीतून सुटला, पसरला की गार का होतो? दाबला की तापतो का? मशीन कसं चालतं हे तिला ठाऊक होतं. ते तसं का चालतं, हे कुणी सांगेना. गॅसच्या एजन्सीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “ताई, गार होतो म्हणून गार होतो. नाहीतर तुम्ही-आम्ही खाल्लं काय असतं?”

मग धाकटीच्याच कॉलेजात कामधंदा करणाऱ्यांसाठी पदवीचा वर्ग निघाला. जुन्या पदविकेतले विषय तपासायचे, जे मान्य होतील त्यांची क्रेडिटं धरायची आणि माणसाला थेट वरच्या वर्षात बसवायचं. डोक्यात चांदी चमकू लागलेल्या थोरलीला जणू नवे पंख फुटले. त्या वर्षात तिच्या ‘का’चा विषय होता! पण आता गणित मान्य नाही म्हटल्यावर आधी खालच्या पोरांबरोबर वर्षभर गणिताला बसायचं आणि मग पुढचं.

“नात्यातल्या माणसानं तपासणीत बसू नये हा नियम,” थोरली दोन पावलं पुढे आली, “म्हणून तू उठून बाहेर गेलीस म्हणे. मोठी नियमाची! पण जाता जाता बोललीस ना? अगं, ते गणित कुठल्या वर्षाचं होतं आठवतं का तुला? त्या वर्षी तुला टायफॉइड झाला होता. वर्गात जायचं सोडून मी तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते... आणि त्याच गणितावर तू काट मारलीस? तू, बारके?”

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पण ती मागे सरली नाही.

“म्हणूनच मारली, ताई.”

“म्हणजे?”

“तूच नाही का सांगत प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात? पेपरात काही येईना म्हणून फ्रीजचं चित्र काढून आलीस आणि सरांना आपल्या घरची हकीकत ठाऊक होती म्हणून त्यांनी पास केलं. सगळे पोट धरून हसतात. मी कधी हसलेली पाहिलीस?”

थोरलीला आठवलं. खरंच, तो किस्सा रंगात आला की धाकटी नेमकी पाणी आणायला आत जायची. हे आपल्या कधी ध्यानात कसं आलं नाही?

“ते गणित तू नापास नाही झालीस गं... तू ते शिकलीच नाहीस! माझ्या तापानं ते खाल्लं. आणि तुला जे ‘का’ हवं आहे ना, ते सगळं त्याच गणितात आहे. त्याच्याशिवाय वरच्या वर्गात बसली असतीस, तर फळ्याकडे नुसती बघत राहिली असतीस. तुझी तशी फजिती मी माझ्याच कॉलेजात बघायची?”

“मग हे मला तोंडावर का नाही सांगितलंस? पाठीमागून का?”

“तोंडावर?” धाकटी हुंदका गिळत म्हणाली, “या घरात तुला तोंडावर ‘नाही’ म्हणायची प्राज्ञा कुणाची आहे? तू आमच्यासाठी एवढं केलंस, एवढं केलंस, की तुझ्याशी खरं बोलायलाच जागा उरली नाही! भाजी खारट झाली तरी भाऊजी मिटक्या मारत खातात.”

“मला कशाला मध्ये ओढता, मेव्हणीबाई?” नवरा पुटपुटला. “बरी असते भाजी.”

हे मात्र थोरलीच्या वर्मी लागलं. आपण ज्याला माया समजत होतो, त्याचं ओझं असं सगळ्यांच्या जिभेवर बसलं होतं तर! तिचं मन व्याकूळ झालं. ती स्टुलावर टेकली आणि चिंधीनं आपली तेलकट बोटं पुसू लागली.

“उद्या साहेबांकडे जाते,” धाकटी हळूच म्हणाली. “माझं म्हणणं मागे घेते. तू अर्ज केलास तर ते गणित देऊन टाकतील. तुझ्याकडून आणखी एक वर्ष घ्यायचा मला काय हक्क?”

थोरलीच्या मनात राग होता, दुःखही होतं... पण त्या सगळ्याखालून तो जुना किडा डोकं वर काढू लागला होता.

“का गं,” तिनं विचारलं, “असं काय आहे त्या गणितात?”

धाकटीनं डोळे पुसले. आतून तिनं उकळत्या पाण्याचं पातेलं आणून फरशीवर ठेवलं. दुकानातला तारेचा तापमापक त्यात सोडला आणि म्हणाली, “भाऊजी, तुम्ही मिनिटामिनिटाला आकडा सांगा. ताई, तू खडूनं एकापुढे एक टिंब मांडत जा, जेवढा आकडा तेवढ्या उंचीवर.”

वायरमन आकडे पुकारू लागला, लिलावात बोली पुकारावी तसा! उन्हं उतरेपर्यंत फरशीवर टिंबं उमटत गेली. पहिली भराभर खाली उतरली, मग त्यांची चाल मंदावली, मग ती जवळजवळ आडवी चालू लागली. थोरलीनं ती जोडली आणि बाक असलेली एक सुरेख रेघ तयार झाली.

“पाणी खोलीपेक्षा फार गरम, तेव्हा निवायची घाई फार,” ती स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली. “फरक कमी झाला की घाई कमी. हे तर रोजचं आहे. पण बारके... ही घाई तर क्षणाक्षणाला बदलते आहे! मग ‘या क्षणी एवढी’ असं म्हणायचं तरी कसं? मोजेपर्यंत ती बदललेली असणार!”

धाकटीनं तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

“ताई, हाच तो विषय! एवढंच विचारायचं असतं त्यात. माझी निम्मी पोरं पास होतात, पण हे विचारत नाहीत गं...”

थोरलीचा ऊर भरून आला. आपल्या हातून निसटलेलं ते वर्ष एवढं मोठं होतं, हे तिला आज पहिल्यांदा उमगलं. तिनं धाकटीला पोटाशी धरलं.

“अर्ज-बिर्ज काही नको. बसते मी खालच्या वर्गात. दयेनं पास एकदा होऊन पाहिलंय... आता कळून पास व्हायचंय. पण पेपर तू तपासायचा नाहीस हं!”

“दुसरे सर तपासतात. ते फ्रीजच्या चित्राला मार्क देत नाहीत.”

वायरमन खो खो हसला. थोरलीही हसली. मग तिनं खडू उचलला. धाकटीनं रेघेवरच्या एका टिंबावर बोट ठेवलं. त्या ठिकाणी वळणाला नुसती चाटून जाईल अशी सरळ रेघ काढायला सांगितलं. त्या रेघेचा उतार म्हणजेच त्या क्षणाची घाई. थोरलीनं मोठ्या आत्मविश्वासानं रेघ ओढली. ती वळणाला दोन ठिकाणी कापून गेली.

नवरा सवयीनं म्हणाला, “वा, छान!”

“चूक,” धाकटी म्हणाली. “पुन्हा काढ.”

आई गेल्यापासून ‘चूक’ हा शब्द थोरलीला या घरात कुणी ऐकवला नव्हता. तिनं भरल्या डोळ्यांनी बहिणीकडे पाहिलं, रेघ तळहातानं पुसली आणि गुडघे टेकून पुन्हा काढायला घेतली.