खंडेनवमीचा पाना

"वकीलसाहेब, हात धुवा अन् चला! गोदाम पेटलंय. आश्रुबा मेला."

दारात बंकटराव उभा होता. कापसाच्या जिनिंग कंपनीचा कारभारी. मिशा राखेनं पांढऱ्या झालेल्या, धोतर गुडघ्यापर्यंत जळकं. खंडेनवमीची दुपार होती आणि गहिनीनाथ वकिलांच्या ताटात पुरणपोळी नुकतीच पडली होती. ती तशीच सोडून ते निघाले.

निजामाच्या कागदावर गावाचं नाव मोमिनाबाद, लोकांच्या तोंडी आंबेजोगाई. इथले बाकीचे वकील मुन्सिफ कोर्टासमोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून बसत आणि जो येईल त्याचा खटला घेत. गहिनीनाथ मात्र एकट्या कंपनीचे पगारी वकील. असला प्रकार गावानं आधी पाहिला नव्हता. "राधाकिशन शेठच्या दावणीचा बैल," असं लिंबाखालचे त्यांना म्हणत, तेही त्यांना ऐकू जाईल एवढ्या बेतानं.

म्हणोत बापडे. बॉयलरचा परवाना हैदराबादेत जोडे झिजवून यांनीच आणला. ओढ्याच्या पाण्याचा दावा यांनीच जिंकला. अलीकडे तर भांडण कोर्टापर्यंत जाऊच द्यायचं नाही, ही त्यांची ऐट होती. शेठ, कंपनीचा मुख्य भागीदार, रोज विडा लावता लावता विचारायचा: बैल दुसऱ्याच्या विहिरीत पडला तर नुकसान कुणाचं? गाडी वाटेत उलटली तर कुणाचं? विकलेल्या गाठी ताब्यात द्यायच्या आधी जळाल्या तर कुणाचं? बंकटराव शेजारी बसून सुपारी कातरायचा आणि वकील खुशीत सगळ्यांची उत्तरं द्यायचे. हुशार माणसाला प्रश्न विचारला की तो हुरळतो, आणि गहिनीनाथ हुशार होते.

जिनाच्या आवारात धूर कोंडला होता. घागरींची रांग अजून चालूच होती. गोदामाचं कुलूप तुटून लोंबत होतं. दाराशी गोणपाटावर आश्रुबा पहारेकरी पालथा पडला होता, डोक्याची मागची बाजू फुटलेली. शेजारी एक अर्धवट जेवलेली पत्रावळ होती.

आणि आवारातल्या लिंबाला बांधला होता पाशा फिटर. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. गर्दीतून कुणीतरी त्याच्यावर ढेकूळ भिरकावलं. कुणी त्याला अडवलं नाही.

"मामला साफ हाय, वकीलसाब," अमीन ख्वाजासाहेब म्हणाले. ठाण्याचा हा अधिकारी शेठच्याच गादीवर बसून पान खात होता. "परवा याला कामावरून काढलं. आज यानं बदला घेतला. कुलूप तोडलं, आश्रुबा आडवा आला, त्याला मारलं, आग लावली. हा बघा याचा पाना."

पाना मोठा, स्क्रूचा. मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. पाशाचाच, शेंबडं पोरही ओळखेल. टोकाला रक्त आणि केस चिकटलेले.

राधाकिशन शेठ पुढं आला. तीन पिढ्या इथं मुरलेला माणूस. कपाळावर सकाळच्या पूजेचं गंध अजून ताजं होतं. "वकीलसाहेब, याला फासावर पोचवा. आजवर लई जिंकलात, ही केस सगळ्यात मोठी. अन् गाठी घेतलेल्या बार्शीच्या व्यापाऱ्याला आत्ताच कळवा. म्हणावं, माल बाहेरच्या वैऱ्यानं जाळला, आमचा इलाज न्हाई."

वकिलांनी मान हलवली. पण मनात कुठंतरी कुसळ रुतलं. माणूस मरून पडलाय आणि शेठला आठवतोय बार्शीचा व्यापारी?

ते लिंबाकडं गेले.

"पाशा, कामावरून का काढलं तुला?"

"उशिरा आलो म्हणून." पाशा जमिनीवर थुंकला. "हंगाम तोंडावर आलाय. इंजिन कोण चालवणार, तुमचा बाप?"

"काढलं कुणी?"

"बंकटरावनं निरोप आणला. हुकूम कुणाचा, मला काय म्हाईत."

"पाना बरोबर नेलास?"

"हत्यारं कंपनीची. ठेवून गेलतो मी. दुपारी घरी होतो. मुनिराला विचारा."

"बायकोची साक्ष चालायची नाही."

"मग कावून विचारता? तुमी सेठचे. मला बुडवायलाच आलात."

हंगामाच्या तोंडावर फिटर काढणं म्हणजे लग्नाच्या दिवशी आचाऱ्याला हाकलणं, एवढं वकिलांना पटलं.

ते गोदामात शिरले. दाबून बांधलेली गाठ भसकन जळत नाही. वरून करपते, पोटात शाबूत राहते. त्यांनी विळा मागवून एक गाठ फाडायला लावली. आतून कुबट वास आला. कापूस काळाठिक्कर, बुरशी लागलेला, मध्ये सरकी आणि माती. वजन वाढावं म्हणून पाणी मारून दाबलेला माल. दसऱ्यानंतर बार्शीचा माणूस गाठी फोडून बघायला येणार होता.

"हे काय, बंकटराव?"

बंकटरावचा चेहरा पडला. "मला दाबायला सांगितलं, मी दाबल्या. साहेब, तुमी आपल्या बाजूचे ना?"

"पूजेच्या वेळी कुठं होतात तुम्ही?"

"बाहेर. चुलते वारलेत, सुतक हाय. इंजिनघराच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला न्हाई."

वकील परत अमिनाकडं आले आणि पाना पुन्हा पाहायला मागितला. कुणीतरी तो फडक्यानं घाईघाईनं पुसला होता, मारण्याच्या आधी. रक्त पुसलेल्या जागेवर पडलं होतं. पण स्क्रूच्या आट्यांत पिवळं काहीतरी अडकून राहिलं होतं. वकिलांनी नखानं उकरलं आणि वास घेतला. हळद.

कापूस वेचणाऱ्या मुक्ताबाईनं सकाळी इंजिनघरात पूजेची मांडणी केली होती. ती कोपऱ्यात डोळे पुसत बसली होती.

"मुक्ताबाई, पाशाचा पाना पूजेत होता?"

"होता की. मीच तेल लावलं. सेठनी हळद-कुंकू वाहिलं."

"मग?"

"मग काय, इंजिनघराला कुलूप. पूजलेली हत्यारं दसऱ्यापातुर कुणी हलवत न्हाई. समदे जेवायला गेले. आश्रुबाला बोलावलं, तर म्हणला, मी गोदाम सोडून यायचा न्हाई, हितंच वाढ." तिनं पदर तोंडाशी धरला. "आला असता तर वाचला असता मेला."

"इंजिनघराच्या किल्ल्या किती?"

"एक सेठच्या कमरेला. एक कचेरीत खिळ्याला, बंकटरावच्या राखणीत."

म्हणजे पाशाला पाना मिळालाच नव्हता. इंजिनघरात शिरला तो किल्लीवाला: कमरेवरची किल्ली तरी, नाहीतर खिळ्यावरची. शेठ किंवा बंकटराव.

खिळ्यावरची किल्ली घेऊन वकील अमिनाला बरोबर ओढून इंजिनघरात गेले. अमीन कुरकुरत होता. इंजिनासमोर लाल कापड अंथरलं होतं. त्यावर हातोडे, छिन्न्या, पाने, सगळे हळदीकुंकवानं माखलेले, झेंडूच्या पाकळ्या उधळलेल्या. मध्ये मात्र हत्यारं जरा सरकवून जवळजवळ आणली होती. त्यांच्याखाली कापडावर तेलाचा डाग होता, अगदी मोठ्या पान्याच्या आकाराचा.

त्या डागावर चिमूटभर अक्षता पडल्या होत्या. बाकी एकाही हत्यारावर अक्षतेचा दाणा नव्हता.

वकील उकिडवे बसले आणि त्यांनी त्या अक्षता अमिनाला दाखवल्या. खून कुणी केला हे त्यांना कळलं आणि कशाच्या जोरावर केला हेही. संतापानं त्यांचे कान तापले. सगळ्यात जास्त राग त्यांना आपल्याच जिभेचा आला.

"अमीनसाहेब, उद्या सकाळी शेठ इथं उत्तरपूजा करतील. पाना घेऊन या आणि त्याच्या जागी ठेवा. तोवर पाशाला मारू नका."

"हुकूम देता का मला?"

"नाही. तुमची नोकरी वाचवतोय. निरपराध माणूस लटकला आणि वर हैदराबादेला कळलं, तर पान खायला गादी उरणार नाही."

अमिनाला हे लगेच समजलं.

दसऱ्याची सकाळ. इंजिनघरात कंपनीचे भागीदार जमले होते, दाराशी कामगार, उंबऱ्याबाहेर सुतकी बंकटराव. पाशालाही बांधून आणलं होतं. त्याच्याकडं सगळे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होते. शेठ पाटावर बसला आणि हत्यारांच्या ओळीत तो पाना पाहून दचकला.

"हा इथं कावून?"

"पूजेतली वस्तू, शेठ. पूजेतच हवी," वकील म्हणाले. "चालू द्या."

शेठनं अक्षता घेतल्या. मन घट्ट करून एकेका हत्यारावर टाकत, ते जरासं हलवत तो पुटपुटू लागला, "पुनरागमनाय च... पुनरागमनाय च..." हातोडा झाला. छिन्नी झाली. त्याचा हात पान्यावरून पुढं सरकला आणि शेजारच्या कानशीवर गेला.

"शेठ, पाना राहिला."

"त्याची झालीय," शेठ तंद्रीतच म्हणाला.

शेठच्या बोटांतल्या अक्षता खाली सांडल्या.

"कधी झाली?" वकिलांनी विचारलं. "पाना काल दुपारपासून अमीनसाहेबांच्या ताब्यात आहे."

"मला... तसं म्हणायचं नव्हतं."

"तुम्हाला तसंच म्हणायचं होतं. पूजलेली वस्तू उत्तरपूजेशिवाय उचलली तर पाप लागतं, म्हणून तुम्ही काल पान्याला अक्षता वाहिल्या आणि मगच तो उचलला. त्या या डागावर पडल्या होत्या, अमीनसाहेबांनी डोळ्यांनी पाहिल्यात. किल्ली दोघांना मिळण्यासारखी होती. पण सुतकातला बंकटराव उंबऱ्याच्या आत येत नाही, तो अक्षता काय वाहणार? आणि चोर असता तर त्यानं नुसता पाना उचलला असता."

"पण सेठ आपलंच गोदाम कावून जाळतील?" एक भागीदार ओरडला.

"गाठी सडक्या होत्या म्हणून. बार्शीवाला त्या फोडून बघणार होता. शेठनं मला विचारलं होतं, ताब्यात द्यायच्या आधी माल जळाला तर नुकसान कुणाचं? मी सांगितलं, आपल्या नोकरानं लावली तर कंपनी जबाबदार. बाहेरच्या वैऱ्यानं लावली तर करार सुटला, भरपाई नाही." वकिलांनी पाशाकडं बोट केलं. "म्हणून तेरवा पाशाला काढलं, बंकटरावच्या तोंडून. आगीआधी तो नोकर उरायला नको होता! त्याचा पाना तुटक्या कुलपापाशी टाकायचा होता, एवढंच. हळद पुसली, पण आट्यांतली राहिली. पाना कुलपासाठी नेला होता. पण आश्रुबा जेवायला गेलाच नव्हता. त्यानं शेठचं तोंड पाहिलं."

शेठ ताडकन उठला. "बे गहिन्या! माझं मीठ खाऊन माझ्यावर उलटतोस? वकिलानं मालकाचं गुपित सांभाळायचं असतं!"

"मीठ कंपनीचं खातो, तुमचं नाही. आणि गुपित सल्ल्याचं सांभाळायचं असतं. गुन्ह्यासाठी विचारलात तो सल्ला नव्हता, ती हत्याराची खरेदी होती. पूजा चुकू दिली नाहीत, शेठ. माणूस तेवढा मारलात."

"त्यानं ओरडायला नको होतं," शेठ म्हणाला आणि मटकन पाटावर बसला. यापुढं अमिनाला विचारण्यासारखं काही उरलं नाही. दोरी पाशाच्या हातांवरून सुटली आणि शेठच्या हातांत पडली. ज्यांनी काल ढेकळं मारली होती तेच आज शेठवर थुंकायला पुढं सरसावले.

कुणी वकिलांचे आभार मानले नाहीत. भागीदार त्यांच्याकडं पाहत होते ते घरात शिरलेल्या सापाकडं पाहावं तसे. आज शेठ, उद्या आपण. बाहेर लिंबाखालच्या वकिलांना नवा विषय मिळाला होता: दावणीच्या बैलानं मालकालाच शिंगावर घेतलं.

पाशा मनगटं चोळत त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"फासाचा दोर तुमीच वळून दिला होता," तो म्हणाला. "सोडवलंत तेबी तुमीच. शुक्रिया म्हणणार न्हाई मी."

"म्हणू नकोस."

"एक सांगतो. आश्रुबा माझ्याबरोबर भाकर खायचा. सेठनं इचारलं तवा तुमी फकस्त एक शबुद बोलला असता तर तो आज असता."

"कोणता?"

"कावून."

पाशा वळून निघून गेला. वकील तिथंच उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी उत्तरं दिली होती आणि त्यांचीच कीर्ती मिरवली होती. आश्रुबाचं तोंड त्यांना नीट आठवेना, रोज फाटकात रामराम घालायचा तरीही, आणि याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

दिवाळीच्या आत नव्या भागीदारानं गादी धरली. जिन सुरू झालं, पाशा इंजिनावर परतला. पहिल्याच दिवशी भागीदारानं विडा पुढं केला आणि सहज म्हणाला, "वकीलसाहेब, समजा ओढ्याचं पाणी आपण खालच्या गावाला चार महिने सोडलंच न्हाई, तर कायदा काय करतो?"

गहिनीनाथांनी विडा घेतला नाही.

"कावून विचारताय?" ते म्हणाले, आणि उत्तर मिळेपर्यंत समोरून हलले नाहीत.